पाणी, शू आणि बाकीचं सगळं

वर्गातली हजेरी दोन मिनिटांत उरकते. नाव पुकारलं, "हजर बाई", पुढचं नाव. पण त्या यादीत एखादं नाव असं असतं, की त्यानंतर उत्तर येतं ते शेजारच्या बाकावरून: "बाई, तो आलाय." बाई खूण करतात आणि पुढे सरकतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. मात्र दिवसभर हेच चालू राहतं. डबा आता खायचा की नंतर, मैदानात कुठे बसायचं, गणित समजलं की नाही, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या मुलाच्या वतीनं दुसरंच कुणीतरी देतं. अशी काही वर्षं गेली की मूल सांगायचा प्रयत्नच सोडून देतं, आणि मग मोठी माणसं म्हणतात, "त्याला काही कळत नाही."

कळणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्यासाठी श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ आणि जबडा यांच्या हालचाली क्षणाक्षणाला जुळाव्या लागतात. सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूकडून स्नायूंना मिळणाऱ्या सूचनाच बिघडतात, त्यामुळे शब्द मनात तयार असूनही तोंडातून नीट निघत नाही. काही मुलांचे स्नायू ठीक असतात, पण बोलण्याच्या हालचालींची आखणी मेंदूला जमत नाही. ऑटिझम असलेल्या काही मुलांमध्ये बोलणं येतच नाही, किंवा आलं तरी हवं तेव्हा हाताशी येत नाही. काहींना दहा-वीस शब्द येतात, पण ते फक्त आईला समजतात. या सगळ्या मुलांसाठी जी साधनं आणि पद्धती आहेत, त्यांना ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन, म्हणजेच पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात. विशेष शाळांमध्ये आणि स्पीच थेरपिस्टांच्या बोलण्यात त्याचं नाव नुसतं 'एएसी'.

फळीपासून टॅबपर्यंत

एएसी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बोलणारा टॅब येतो. तो या कुटुंबातला सर्वांत धाकटा सदस्य. खुणा, हावभाव, नजर आणि मान हलवणं यांना काहीच साधन लागत नाही, आणि तेही एएसीच. त्यानंतर कागद येतो: चित्रं चिकटवलेला फलक, गळ्यात अडकवायची चित्रांची जुडी, अक्षरांचा तक्ता. मग एकच निरोप रेकॉर्ड करता येणारं मोठं बटण. सकाळी त्यात "हजर बाई" भरून ठेवलं की हजेरीचा प्रश्न सुटतो, आणि मराठीच्या तासाला त्याच बटणात कवितेचं ध्रुपद भरलं की वर्गाबरोबर कविताही म्हणता येते. या सगळ्यानंतर टॅब आणि डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे संगणक.

अक्षरं आणि शब्द लिहिलेली फळी अमेरिकेत १९२०च्या दशकातच वापरात होती. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एफ. हॉल रो यांच्या नावानं ती ओळखली जाते. १९६०च्या सुमारास इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात रेग मेलिंग यांनी 'पॉसम' हे यंत्र बनवलं. हातपाय हलवू न शकणारा रुग्ण नळीत फुंकर मारून किंवा हवा ओढून त्यावर टंकलेखन करू शकत असे. १९७१मध्ये टोरांटोतल्या अपंग मुलांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेला आणि तिच्या सहकाऱ्यांना एक विसरलं गेलेलं पुस्तक सापडलं. त्याचा लेखक चार्ल्स ब्लिस हा ज्यू अभियंता नाझींच्या छळछावण्यांतून सुटून शांघायला पोचला होता. तिथल्या चिनी लिपीवरून त्याला जगभर चालेल अशी चिन्हलिपी सुचली आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्यावर १९४९मध्ये त्यानं ती छापली. राष्ट्राराष्ट्रांतले गैरसमज मिटावेत, हा त्याचा हेतू होता. ती लिपी जगानं स्वीकारली नाही, पण टोरांटोतल्या न बोलणाऱ्या मुलांनी उचलली. चिन्हं जोडून नवे शब्द घडवता येतात, हे त्या मुलांनी दाखवून दिलं.

याच सुमारास मुंबईत एक आई याच प्रश्नाला भिडत होती. डॉ. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी चिब हिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. अशा मुलांसाठी शाळाच नाही म्हणून १९७२मध्ये मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. आज ती 'अडॅप्ट' या नावानं ओळखली जाते. मालिनी पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि मग लंडनमध्ये शिकली. एका बोटानं टंकलेखन करत तिनं आत्मचरित्र लिहिलं. ते २०१०मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याचं नावही 'वन लिटल फिंगर' असंच आहे.

फलकावर काय असावं?

आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत संवादफलक असतो. त्यावर चार चित्रं: पाणी, जेवण, शू, झोप. मूल पाण्यावर बोट ठेवतं, पाणी मिळतं. सोय होते, पण तिथंच सगळं थांबतं.

आपण दिवसभरात जे बोलतो, त्यात मागणी किती असते? एएसीच्या क्षेत्रात जॅनिस लाइट या संशोधिकेचं नाव सतत घेतलं जातं. १९८८मध्ये तिनं संवादाची चार कामं मांडली. गरज सांगणं, माहिती देणं-घेणं, जवळीक जुळवणं आणि रीतीरिवाज पाळणं, म्हणजे नमस्कार, आभार, निरोप. चार चित्रांचा फलक यातलं पहिलं काम करतो आणि उरलेली तीन सोडून देतो. शाळा तर जवळजवळ पूर्णपणे या उरलेल्या तीन कामांवर चालते. "का?", "मला नाही पटत", "माझी पाळी", "तू चीटिंग केलीस", "लई भारी!" हे फलकावर नसेल, तर ते मूल वर्गात बसलेलं असतं, पण वर्गात सामील नसतं.

शब्द निवडताना एक गोष्ट मदतीला येते. कुठल्याही भाषेत माणसं जे बोलतात, त्यातला मोठा भाग थोड्याच शब्दांचा बनलेला असतो. एएसीत त्यांना 'कोअर' म्हणजे गाभ्याचे शब्द म्हणतात. मी, तू, हे, ते, हवं, नको, आहे, नाही, अजून, झालं, दे, घे, ये, जा, थांब, बघ, कर, आवडतं, काय, कुठे, कोण, का, वर, खाली, आत, बाहेर. हे शब्द घरी चालतात, मैदानात चालतात आणि विज्ञानाच्या तासालाही चालतात. याउलट 'केळं', 'हत्ती', 'मेणबत्ती' या नामांची चित्रं काढायला सोपी असतात, म्हणून फलक त्यांनीच भरतात. पण हत्तीविषयी बोलायची वेळ किती वेळा येते?

गाभ्याच्या शब्दांवर अभ्यासही होतो. जलचक्राचा धडा घ्या. बाष्पीभवन, संघनन, पर्जन्य अशी अवघड चित्रं दर आठवड्याला फलकावर नव्यानं चिकटवण्याची गरज नाही. शिक्षकांनी प्रश्न असा विचारावा, की उत्तर गाभ्याच्या शब्दांत देता येईल. "बाष्पीभवनात पाण्याचं काय होतं?" उत्तर: "गरम, वर जा." "मग ढगात?" "थंड, खाली ये." मुलाला संकल्पना कळली आहे, हे या सहा शब्दांतून स्वच्छ दिसतं. "बाष्पीभवनाच्या चित्रावर बोट ठेव" यातून फक्त चित्र ओळखता येतं, एवढंच कळतं. अशा प्रश्नांचा बाकीच्या वर्गालाही फायदाच होतो. पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवणाऱ्या मुलांना अर्थ सांगावा लागतो.

चौऱ्याऐंशी वर्षांचं गणित

शाळेला टॅब मिळतो, पहिले काही आठवडे उत्साहात जातात आणि मग तो कपाटात जातो. "दिला होता, पण तो वापरतच नाही." असं का होतं, हे अमेरिकेतल्या जेन कॉर्स्टन यांनी मांडलेल्या एका साध्या हिशोबातून कळतं. रोज ८ तास धरले, तर दीड वर्षाच्या बाळानं सुमारे ४,३८० तास भाषा ऐकलेली असते. तेव्हा कुठे ते चार शब्द बोलू लागतं, आणि त्याबद्दल आपण त्याचं कौतुक करतो. एएसी वापरणाऱ्या मुलाला आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाची थेरपी मिळते. म्हणजे वर्षाला ५२ तास. ४,३८० तास भरायला ८४ वर्षं लागतील.

मूल आपलं बोलणं ऐकतं, पण त्यानं बोलावं अशी आपली अपेक्षा असते चित्रांमधून. चित्रांची भाषा त्याच्याशी कुणी बोललेलंच नसतं. उपाय एकच: मोठ्यांनी स्वतः बोलताना फलकावर बोट ठेवायचं. याला 'मॉडेलिंग' म्हणतात. बाई म्हणतात, "चला, आता बाहेर जायचं", आणि म्हणता म्हणता 'जा' आणि 'बाहेर' यांवर बोट ठेवतात. प्रत्येक शब्दाला बोट ठेवायची गरज नाही, एक-दोन महत्त्वाचे शब्द पुरतात. मूल एका शब्दात सांगत असेल, तर आपण दोन शब्द दाखवायचे. मुलानं नुसतं 'अजून' दाखवलं, तर "अजून खेळ? बरं, अजून खेळू" असं म्हणत दोन्ही शब्द दाखवायचे. बाईंचं बोट चुकलं तर "अरेच्चा, हे नाही, ते" असं म्हणून दुरुस्त करायचं. चूक कशी सुधारायची, हेही मूल यातूनच शिकतं.

मुलाची परीक्षा घेणं टाळायला हवं. "पाणी दाखव, हत्ती दाखव" असं सारखं विचारलं की फलक म्हणजे पेपर होतो, आणि पेपरशी मैत्री कुणालाच नको असते. फलक बक्षीस म्हणूनही ठेवायचा नाही आणि शिक्षा म्हणूनही काढून घ्यायचा नाही. मस्ती केली म्हणून कुणी मुलाचा चष्मा काढून ठेवत नाही. फलक जेवणाच्या वेळी, मैदानात, बसमध्ये, सहलीला मुलाच्या हाताशी असला पाहिजे. कागद खराब होईल अशी भीती वाटत असेल, तर लॅमिनेट करून घ्यावा आणि दोन-तीन प्रती ठेवाव्यात.

फलकावरून बोलणं वर्गमित्रांना मोठ्यांपेक्षा लवकर जमतं. फलकाची एक मोठी प्रत भिंतीवर लावली, की मधल्या सुट्टीत मुलं आपणहून त्यावर बोटं ठेवून खेळू लागतात.

थांबायची सवय

आपण मिनिटाला सुमारे १५० शब्द बोलतो. एएसी वापरणाऱ्याचा वेग बहुधा मिनिटाला पंधरा शब्दांच्या आतच असतो, कित्येकांचा दोन-तीन शब्दांवर. या क्षेत्रातलं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्टीफन हॉकिंग. १९८५मध्ये घशावर शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांचा आवाज गेला. सुरुवातीला कुणीतरी तक्त्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवायचं आणि हवं ते अक्षर आलं की हॉकिंग भुवया उंचावायचे. पुढे संगणक आला तेव्हा वेग मिनिटाला पंधरा शब्दांपर्यंत गेला. शेवटच्या काळात गालाच्या स्नायूवर चालणाऱ्या यंत्रातून मिनिटाला एखादाच शब्द निघत असे. जग त्यांच्यासाठी थांबायचं. चौथीतल्या मुलासाठी मात्र वर्ग पाच सेकंदही थांबत नाही.

प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं. मधे प्रश्न बदलून विचारू नये, कारण मुलाचं अर्धं जुळवलेलं उत्तर वाया जातं. त्याचं वाक्य आपण पुरं करू नये. "झालं का? समजलं ना?" अशा हो-नाही प्रश्नांवर दिवस काढू नये. फळ्यावरचा प्रश्न त्या मुलाला आदल्या दिवशी सांगून ठेवला, तर तो घरी उत्तर तयार करून आणू शकतो. हे फुकट आहे आणि परिणामकारकही.

हात चालत नसेल तर

कित्येक मुलांना बोट ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकच्या चौकटीवर चित्रं किंवा अक्षरं लावतात. समोर बसलेला माणूस त्या चौकटीतून मुलाची नजर कुठे जाते ते पाहतो. दुसरा मार्ग म्हणजे सोबत्यानं एकेक पर्याय मोठ्यानं म्हणायचा आणि हवा तो आला की मुलानं ठरलेली खूण करायची: डोळे मिटणं, पाय हलवणं, काहीही. फक्त ती खूण मुलाला दरवेळी सहज जमणारी हवी.

इथे देवनागरी मदतीला येते. इंग्रजीच्या एएसीत अक्षरं ओळींमध्ये कशी मांडावीत, यावर खूप डोकं लढवलं गेलं. आपली वर्णमाला मुळातच ओळींमध्ये आहे. सोबती विचारतो, "क ची ओळ? च ची ओळ? ट ची ओळ? त ची ओळ? प ची ओळ?" खूण होते. "प, फ, ब…" पहिल्याच अक्षराला खूण. मग बाराखडी: "प, पा…" खूण. 'पा' मिळालं. मग ट ची ओळ, 'ण', 'णी'. बाराखडी पाठ असलेली कुठलीही आजी पंधरा मिनिटांत हे शिकू शकते. आणि मुलाला अक्षरओळख असणं का महत्त्वाचं, तेही इथेच कळतं. चित्रांच्या फलकावर मूल फक्त तेच बोलू शकतं, जे दुसऱ्या कुणी त्यावर चिकटवलं आहे. अक्षरं आली की काहीही बोलता येतं. "याला बोलताच येत नाही, वाचन कशाला शिकवायचं?" हा विचार म्हणूनच अगदी उलटा आहे.

मराठी एएसीच्या काही अडचणी इंग्रजीत नाहीत. मुलगी 'जाते' म्हणते, मुलगा 'जातो'. साधनात एकच रूप भरलेलं असेल, तर मुलगी आयुष्यभर "मी येतो" म्हणत राहील. पाण्याचं 'पाण्यात' होतं, शाळेचं 'शाळेत'. दोन चित्रं जोडली म्हणून व्याकरण आपोआप होत नाही. कागदी फलकावर ऐकणारा ते सांभाळून घेतो, यंत्राला मात्र ते शिकवावं लागतं. आवाज रेकॉर्ड करायच्या साधनात त्या मुलाच्याच वयाच्या, त्याच बोलीच्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा आवाज भरावा.

तयार साधनं आता आपल्या जवळच बनतात. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मोफत मिळतं आणि मराठीतही चालतं. त्यात 'आवडतं–नावडतं', 'हो–नाही', 'जास्त–कमी' अशी सहा भावदर्शक बटणं कुठल्याही चित्राशी जोडता येतात. चेन्नईत 'विद्यासागर' या संस्थेतल्या मुलांबरोबर काम करून अजित नारायणन यांनी 'आवाज' हे साधन घडवलं. स्पेनमधल्या अरागॉन प्रांताच्या सरकारनं तयार करून घेतलेली 'आरासाक' ही हजारो चित्रं शाळांना मोफत छापून वापरता येतात.

दोन भीती आणि एक सावधगिरी

पालकांची पहिली भीती: चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचा प्रयत्न सोडेल. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६मध्ये तोवरच्या अभ्यासांची छाननी केली. सर्वांत भक्कम पुरावा असलेल्या २७ व्यक्तींपैकी एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालं नव्हतं. ८९ टक्क्यांचं थोडं का होईना वाढलं होतं. दुसरी भीती शिक्षकांची: "अजून तो त्या पातळीला आलेला नाही." एएसी सुरू करायला कुठलीही पात्रता परीक्षा नसते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ॲन डोनेलन यांनी १९८४मध्ये एक कसोटी सुचवली. खात्रीचा पुरावा नसेल तेव्हा असं गृहीत धरावं, की जे चुकीचं ठरलं तरी मुलाचं सर्वांत कमी नुकसान होईल. "याला कळतं" हे गृहीत धरून चुकलो, तर आपले काही तास जातील. "कळत नाही" हे गृहीत धरून चुकलो, तर एक बालपण जाईल.

सावधगिरी मात्र एका बाबतीत हवीच. मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरं टिपून घेणारी एक पद्धत १९९०च्या दशकात गाजली. मुलाला आणि हात धरणाऱ्याला वेगवेगळी चित्रं दाखवून तिची चाचणी घेतली, तेव्हा उमटलं ते हात धरणाऱ्यानं पाहिलेल्या चित्राचं नाव. बोलत होता मदतनीस, नकळत का होईना. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८मध्ये ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आणि मदतनीसानं अक्षरांचा तक्ता हातात धरून उत्तरं काढून घेण्याच्या पद्धतीविषयीही तसाच इशारा दिला. शब्द मुलाचाच आहे, याची खात्री पटेल असाच मार्ग निवडावा.

हक्क कुठवर?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६मध्ये 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धतींचा समावेश आहे. त्याच कायद्याच्या कलम १७नुसार या पद्धतींचा वापर वाढवणं ही सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी आहे. लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारनं २०१८मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिकाची सोय आहे. पण ज्या मुलाकडे दहावीपर्यंत चार चित्रांचाच फलक होता, तो लेखनिकाला सांगणार तरी काय?

म्हणून सुरुवात फलकावरच्या शब्दांपासून करावी लागते, आणि त्यातही एक गट शाळा नेहमी टाळतात. शरीराच्या अवयवांची खरी नावं, 'दुखतंय', 'मारलं', 'नको', 'हात लावू नको', 'आईला सांग', 'खोटं', आणि शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव किंवा फोटो. न बोलणाऱ्या मुलावर अन्याय करणाऱ्याला खात्री असते की हे मूल कुणाला सांगू शकणार नाही. ती खात्री मोडण्याचं काम हे शब्द करतात. फलक तयार झाल्यावर शिक्षकांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: यावरून हे मूल माझ्याविरुद्ध मुख्याध्यापकांकडे तक्रार करू शकेल का? उत्तर 'नाही' असेल, तर त्या फलकावर अजून शब्द हवेत.